वाचक विचारतात : मिक्सर बिघडला, आधी भांडं तपासा

या वेळचे सगळे प्रश्न मिक्सरचे आहेत. कुणाचा मिक्सर मुका झालाय, कुणाच्या मिक्सरमधून ठिणग्या उडतात, कुणाला झटका बसतो. तक्रारी वेगवेगळ्या असल्या तरी त्यांतल्या बऱ्याच एकाच जागेवरून सुरू होतात: भांड्याच्या बुडातून झिरपणारं पाणी. ते आधी कपलरवर (मोटर आणि पात्याला जोडणाऱ्या दातेरी चकतीवर) येतं, तिथून मोटरच्या वरच्या बुशमध्ये, म्हणजे दांड्याला जागेवर धरणाऱ्या धातूच्या कड्यात, उतरतं. बुश झिजला की आर्मेचरचा, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाचा, दांडा डुगडुगतो, दांडा डुगडुगला की त्याला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे भराभर झिजतात, आणि शेवटी आर्मेचर जळतं. भांड्याचा वायसर (पात्याच्या दांड्याभोवतीचं, पाणी अडवणारं रबर) वेळेवर बदलला तर ही पुढची साखळी तिथेच तुटते. म्हणून खालच्या उत्तरांत भांड्याचा विषय पुन्हा पुन्हा येईल.

एक गोष्ट सगळ्या उत्तरांना लागू आहे. मिक्सर उघडण्याआधी पिन सॉकेटमधून काढून ओट्यावर, डोळ्यांसमोर ठेवा. बोर्डाचं बटण बंद केलं एवढ्यावर भागवू नका. काही घरांत बटण चुकून न्यूट्रलवर जोडलेलं असतं, आणि बटण बंद असूनही मिक्सरच्या आत फेज येत राहते. हत्यारं फार लागत नाहीत: फुलीचा आणि चपटा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, जुना टूथब्रश, बारीक पॉलिश पेपर आणि एक साधा मल्टिमीटर.

इडलीचं पीठ वाटता वाटता मिक्सर थांबला. आता कुठल्याच स्पीडला हूं की चूं नाही. मोटर जळली का?
— एक वाचक, सांगली

जळल्याचा वास आला नसेल तर बहुधा नाही. मिक्सर उलटा करून बुडाशी पाहा. लाल किंवा काळ्या रंगाचं एक छोटं बटण असेल. ते ओव्हरलोडचं बटण. मोटरने जास्त करंट ओढला की आतली पट्टी तापून वाकते आणि पुरवठा तोडते. पट्टी गरम असताना बटण दाबलं तर ते बसत नाही, म्हणून दहा-पंधरा मिनिटं थांबा, नॉब शून्यावर आणा, मग बटण दाबा. ‘टक्’ आवाज करून ते आत बसायला हवं. त्यानंतर भांडं न लावता मिक्सर एक नंबरवर दोन-चार सेकंद चालवून पाहा.

रिकामा चालला तर दोष मोटरचा नाही, भाराचा आहे. भिजलेले तांदूळ आणि उडीद डाळ हा मिक्सरला पडणारा सगळ्यांत जड भार. भांडं निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. पाणी सुरुवातीला थोडं, मग लागेल तसं घाला. मिक्सरच्या बुडाच्या पट्टीवर किती मिनिटं सलग चालवायचा ते छापलेलं असतं. बहुतेक मिक्सर पाच मिनिटं चालवून दोन मिनिटं थांबवायचे असतात. दाट पीठ असेल तर आम्ही पाच मिनिटंही सांगणार नाही, दोन-तीन मिनिटांनी हात थांबवा. आणि दाट पीठ एक नंबरवर रेंगाळत ठेवू नका. मोटरला थंड करणारा पंखा तिच्याच दांड्यावर असतो. मोटर हळू फिरली की वाराही कमी मिळतो. एकवर सुरू करून पीठ फिरू लागलं की दोन किंवा तीनवर न्या.

संध्याकाळी व्होल्टेज पडतं अशा गावात भार आणखी जड होतो. १७०-१८० व्होल्टवर मोटरचा जोर पुष्कळ घटतो, पाती अडखळतात आणि करंट वाढून मोटर तापते. तिथे वाटण सकाळी करावं, हा सल्ला साधा वाटला तरी मोटर वाचवणारा आहे.

रिकामा मिक्सरही लगेच बटण उडवत असेल तर पिन काढून मोटरचा कपलर हाताने फिरवा. तो सहज फिरायला हवा. घट्ट लागला किंवा खरखरला तर बुश जाम आहे. सहज फिरतोय तरी बटण उडतं, तर वाइंडिंगमध्ये (मोटरमधल्या तारेच्या वेढ्यांत) शॉर्ट असण्याची शक्यता मोठी, किंवा ओव्हरलोडच कमजोर झाला आहे. ओव्हरलोड बदलताना जुन्यावर लिहिलेला अँपिअरचा आकडा पाहून त्याच आकड्याचा घ्या. ‘डायरेक्ट करून देतो’ असं कुणी म्हणालं तर ठाम नकार द्या. ओव्हरलोडच्या दोन वायरी एकत्र पिळल्या की मिक्सर त्या दिवशी चालतो खरा, पण पुढच्या जड वाटणाला मोटरला वाचवणारं काहीच उरत नाही.

बटण ठीक असूनही मिक्सर मुकाच असेल तर तपासाचा क्रम असा ठेवा. सॉकेटला दुसरं उपकरण लावून सॉकेट चालू आहे ना ते पाहा. काही मॉडेलमध्ये भांडं नीट बसल्याशिवाय मोटर सुरूच होत नाही; तिथे भांडं फिरवून पक्कं बसवा. मग नॉब पाहा: आतून तडकला असेल तर तो हातात फिरतो, पण स्विचचा दांडा जागचा हलत नाही. नॉब ओढून काढा आणि दांडा पक्कडीने फिरवून बघा (पिन बाहेरच). एवढं झालं की मल्टिमीटर ओहमवर ठेवा, नॉब तीनवर ठेवा, पिनच्या दोन बारीक दांड्यांना मीटरच्या तारा लावा. मोटर आणि वायर धड असतील तर काही ओहम ते काही दहा ओहम आकडा दिसतो. काहीच दिसलं नाही तर वाट कुठेतरी तुटली आहे. मीटर तसाच धरून वायर पिनच्या तोंडाशी आणि मिक्सरमध्ये शिरते त्या जागी वाकवून पाहा. आकडा येऊन-जाऊन दिसला तर वायर आतून तुटली आहे. ती याच दोन जागी जास्त तुटते. नवी वायर तीन कोअरची, ०.७५ चौरस मिलिमीटर तांब्याची लवचिक घ्या.

वायर ठीक निघाली तर बूड उघडून कार्बन पाहा. त्याचं पुढच्या एका उत्तरात येतंय.

मोटरचा आवाज जोरात येतो, पण पाती फिरत नाहीत. भांडं उचललं की खाली काळी भुकटी दिसते.
— एक वाचक, नाशिक रोड

काळी भुकटी म्हणजे कपलरचे झिजलेले दात. दोन कपलर असतात: एक मोटरवर, एक भांड्याच्या बुडाशी. दोन्ही बोटाने चाचपून पाहा. चांगल्या कपलरच्या दाताला कड लागते. झिजलेला दात गोल, गुळगुळीत लागतो. भांडं लावून पिन बाहेर असताना लाकडी उलथन्याने पातं फिरवलं आणि मोटरचा जडपणा हाताला जाणवला नाही, तर दात एकमेकांत अडकतच नाहीत.

कपलर काढताना दिशा चुकली की तो आणखी आवळतो आणि मग तुटतो, म्हणून नियम नीट समजून घ्या. आट्याची दिशा कंपनीप्रमाणे बदलू शकते, पण आटा नेहमी असा असतो की मोटर चालताना कपलर आपोआप आवळला जावा. त्यावरून हिशोब सोपा होतो. मिक्सर रिकामा क्षणभर चालवून बंद करा आणि थांबता थांबता कपलर कुठल्या बाजूला फिरतोय ते वरून पाहून ठेवा. मग पिन काढा. मोटरवरचा कपलर त्याच दिशेने फिरवला की सुटतो. भांड्याच्या कपलरचं उलट: भांडं जसं मिक्सरवर बसतं तसं सरळ धरून विचार केला तर तो मोटरच्या उलट दिशेने सुटतो.

मोटरचा कपलर फिरवताना दांडा फिरू नये म्हणून तो खालून धरावा लागतो. बूड उघडलं की कित्येक मोटरींच्या दांड्याच्या खालच्या टोकाला चपट्या स्क्रू ड्रायव्हरची खाच दिसते. खाच नसेल तर दांडा धरायला दुसऱ्या माणसाची मदत घ्या. पंख्याची पाती पक्कडीत धरू नका, ती चटकन तुटतात. भांड्याच्या बाजूला पातं जाड फडक्यात गुंडाळून धरा.

नवे कपलर जोडीने बदला. एक नवा, एक झिजका असं ठेवलं तर झिजका दात नव्याला महिन्या-दोन महिन्यांत खातो. दुकानात जुना नमुना घेऊन जा. दातांची संख्या, उंची आणि आट्याचा जाडपणा तिन्ही जुळले पाहिजेत. उंची जास्त असेल तर भांडं खाली पूर्ण बसत नाही आणि सगळा दाब मोटरच्या बुशवर येतो.

कपलर वारंवार जात असेल तर काय वाटता तेही पाहा. अख्खी हळकुंडं, गुळाचे खडे आणि फ्रीजरमधून काढलेलं दगडासारखं खोबरं पात्याला एकदम अडवतं, आणि तो झटका आधी कपलरचे दात घेतात. कपलर मुद्दामच मोटरपेक्षा मऊ केलेला असतो. धातूचा ‘कायमचा’ कपलर बसवून घेऊ नका; दात वाचतील, पण झटका दांड्यावर आणि आर्मेचरवर जाईल. हळकुंडं कुटून मग दळावीत, किंवा गिरणीत द्यावीत.

मिक्सर चालू केला की आत ठिणग्या दिसतात आणि वास येतो. तीन महिन्यांपूर्वीच कार्बन बदलले होते, पुन्हा संपले. असं का?
— एक वाचक, लातूर

कार्बन हा झिजण्यासाठीच असतो, पण घरच्या वापरात तो वर्षानुवर्षं टिकायला हवा. तीन महिन्यांत संपला तर कार्बन दोषी नाही, त्याला खाणारं काहीतरी आत आहे.

आधी ठिणगी कशी आहे ते पाहा. मिक्सरच्या बुडाच्या जाळीतून अंधारात दिसते. कार्बनच्या कडेला बारीक निळसर ठिणगी असेल तर ती या मोटरींची नेहमीची आहे, काळजी नको. पिवळसर, लांब, चटचट आवाज करणारी ठिणगी म्हणजे कार्बन आखूड झाले, अडकले किंवा कम्युटेटर (दांड्यावरचा, कार्बन ज्यावर टेकतात तो तांब्याचा भाग) मळला. आणि कम्युटेटरभोवती आगीचं पूर्ण कडं दिसत असेल, सोबत मोटरचा वेगही मंदावला असेल, तर आर्मेचरची एखादी कॉइल तुटली आहे किंवा शॉर्ट आहे. हे तिसरं दिसलं तर लगेच बंद करा आणि पुन्हा चालवून बघण्याच्या फंदात पडू नका.

आता बूड उघडा. रबरी पायांखाली चार स्क्रू असतात, काही मॉडेलमध्ये पाय उपटल्याशिवाय ते दिसत नाहीत. मोटरच्या दोन बाजूंना कार्बनची घरं दिसतील. पितळी टोपी किंवा पट्टी सरकवली की स्प्रिंग आणि कार्बन बाहेर येतो. कुठला कार्बन कुठल्या बाजूचा आणि त्याचा बाक कुठल्या दिशेला होता ते खुणेने लक्षात ठेवा. कार्बनचं तोंड आरशासारखं चकचकीत आणि बाकदार असलं पाहिजे. खडबडीत, कोपरा उडालेलं किंवा अर्ध्याच भागावर चकाकणारं तोंड म्हणजे तो नीट टेकत नव्हता. लांबी पाच-सहा मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर बदला, दोन्ही एकदम. कार्बन आपल्या घरात बोटाने ढकलला तर सहज सरकला पाहिजे. दुकानातून आणलेला कार्बन किंचित जाड निघाला तर तो घरात अडकतो, स्प्रिंग त्याला ढकलू शकत नाही, आणि ठिणगी सुरू होते. अशा वेळी पॉलिश पेपर सपाट ओट्यावर ठेवून कार्बनच्या बाजू हलक्या हाताने घासा, तोंड घासू नका.

कार्बनच्या घरांतून कम्युटेटर दिसतो: दांड्याभोवती तांब्याच्या पट्ट्या, दोन पट्ट्यांमध्ये बारीक खाच. चांगल्या कम्युटेटरवर कार्बन फिरतो त्या भागाला एकसारखा चॉकलेटी रंग चढलेला असतो. तो खरवडून काढायचा नाही, तो असावाच लागतो. सगळीकडे काळपट, तेलकट थर असेल तर पॉलिश पेपरची बारीक पट्टी कम्युटेटरवर धरून दांडा हाताने फिरवा. लोखंड घासायचा काळा एमरी पेपर नको. त्याची भुकटी खाचांत अडकून शॉर्ट करू शकते. मग टूथब्रशने खाचा झाडा, खाचेत अडकलेली कार्बनची काजळी सुईच्या टोकाने काढा आणि फुंकून स्वच्छ करा. खाचांमधला अभ्रक तांब्याच्या वर आला असेल तर कार्बन प्रत्येक फेऱ्याला त्यावर आपटतो आणि घासलेल्या खडूसारखा झिजतो. हे काम रिवाइंडिंगवाल्याकडे (मोटरचं वाइंडिंग नव्याने भरून देणाऱ्याकडे) लेथवर करून घ्यावं.

एक-दोनच पट्ट्या काळ्या आणि बाकीच्या स्वच्छ असतील तर तिथेच दोष आहे. मल्टिमीटरने शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधला आकडा घेत एक पूर्ण फेरी मारा. सगळीकडे जवळपास सारखा आकडा हवा. एका जागी खूप जास्त आला तर कॉइल तुटली आहे. कुठल्याही पट्टीपासून दांड्यापर्यंत मात्र काहीच दिसता कामा नये. दोन-चार वेढेच शॉर्ट असतील तर साध्या मीटरला ते कळत नाही. रिवाइंडिंगच्या दुकानातलं आर्मेचर तपासायचं यंत्र, ग्रोलर, ते दाखवतं.

तुमच्या बाबतीत आमचा पहिला संशय बुशवर आहे. कपलर दोन बोटांत धरून दांडा आडवा हलवा. वर-खाली किंचित हालचाल चालते, पण आडवी डुगडुग अजिबात नको. डुगडुग असेल तर कितीही चांगले कार्बन घाला, तीन महिन्यांनी हेच होणार. बुश झिजण्याचं कारण वर शोधा: मिक्सरच्या माथ्यावर कपलरभोवती वाळलेल्या वाटणाचा पांढरट-पिवळा थर आणि गंज दिसला, तर भांडं गळतंय.

नवे कार्बन बसवल्यावर लगेच वाटण करू नका. भांडं न लावता एक नंबरवर दोन मिनिटं चालवा, थांबा, पुन्हा चालवा. असं चार-पाच वेळा केलं की कार्बनचं तोंड कम्युटेटरच्या गोलाईला बसतं.

चटणीचं भांडं बुडातून गळतं. काही दिवसांनी पातंच जाम झालं. नवं भांडंच घ्यावं लागेल का?
— एक वाचक, सावंतवाडी

नाही. भांड्याचा स्टीलचा भाग धड असेल तर पात्याचा पूर्ण संच बदलून मिळतो: पातं, वायसर, बुश, दांडा आणि कपलर.

गळती कुठून आहे ते आधी ठरवा. भांडं निम्मं पाण्याने भरून कोरड्या वर्तमानपत्रावर पंधरा मिनिटं ठेवा. ओला डाग मध्यभागी आला तर दांड्याचा वायसर गेला. डाग कडेने गोल आला तर बूड आणि स्टीलच्या मधली रबरी रिंग गेली; ती एकटी बदलता येते.

जाम झालेलं पातं पक्कडीने हिसडू नका. भांडं उलटं करून कपलरच्या मुळाशी गरम पाणी घाला, तासभर राहू द्या. खोबरं-मीठ वाळून दांडा आणि बुश यांच्यामध्ये चिकटलेलं असतं, ते मऊ होतं. मग कपलर हाताने थोडा-थोडा मागे-पुढे फिरवा. सुटला की पुन्हा गरम पाण्याने धुवून, उलटं ठेवून वाळवा. खालून खाद्यतेलाचा एक थेंब चालेल. शिलाई मशीनचं तेल भांड्याला लावू नका, ते वाटणात उतरतं. सुटल्यावरही दांडा आडवा हलत असेल तर बुश गेला आहे, संच बदला.

कोकणात ओल्या खोबऱ्याचं वाटण रोजचं, त्यामुळे हे दुखणं तिथे जास्त. वाटण झाल्याबरोबर भांड्यात पाणी घालून दोन सेकंद फिरवा आणि ओता. भिजत ठेवायचं असेल तर भांडं आतून भिजवा, अख्खं बादलीत बुडवू नका; बुडवलं की पाणी खालून बुशमध्ये शिरतं.

भांड्याला हात लावला की मुंग्या येतात. टेस्टर बारीक पेटतो. चप्पल घालून वापरतो, चालेल ना?
— एक वाचक, जळगाव

चालणार नाही. हे उत्तर वाचेपर्यंतही तो मिक्सर वापरू नका.

कपलर प्लास्टिकचा किंवा रबराचा असतो. त्यातून करंट जात नाही, म्हणजे मोटर आतून बिघडली तरी एरवी भांड्यापर्यंत झटका पोचायला नको. तुमच्या भांड्यापर्यंत तो पोचतोय, याचा अर्थ मधली वाट ओली आहे. भांड्यातून गळलेलं खारट पाणी मोटरपासून भांड्यापर्यंत पूल बांधून बसलंय, आणि खाली मोटरमध्येही कुठेतरी गळती आहे. दोन दोष एकाच वेळी आहेत.

टेस्टरवर विसंबू नका. नुसत्या जवळून जाणाऱ्या फेजनेही तो बारीक पेटू शकतो, आणि उजेडात पेटलेला दिसतही नाही. मल्टिमीटर मेगओहमच्या सर्वांत वरच्या पल्ल्यावर ठेवा, नॉब तीनवर. मीटरची एक तार पिनच्या बारीक दांड्याला आणि दुसरी आधी अर्थच्या जाड दांड्याला, मग मोटरच्या दांड्याला लावा. काहीच आकडा दिसू नये. एक मेगओहमच्या खाली काही दिसलं तर मिक्सर वापरायचा नाही. दुसऱ्या बारीक दांड्यावरूनही हीच तपासणी करा. मग ओहमच्या लहान पल्ल्यावर अर्थच्या दांड्यापासून मिक्सरच्या आतल्या मोटरच्या लोखंडापर्यंत पाहा: तिथे जवळपास शून्य हवा. नसेल तर हिरवी किंवा हिरवी-पिवळी वायर सुटली आहे. कुणीतरी आधी दुरुस्ती करताना ती कापून टाकलेलीही असू शकते. दोन दांड्यांच्या पिनचा मिक्सर असेल तर अर्थ नसणं त्याच्या रचनेतच आहे, पण मग बुडाच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण छापलेली हवी.

गळती मिळाली तर बूड उघडून कार्बनच्या घरांभोवतीची काळी भुकटी कोरड्या ब्रशने झाडा. ही भुकटी विजेची वाहक असते आणि दमट झाली की फेज थेट लोखंडावर आणते. मोटर पंख्याच्या वाऱ्यावर पूर्ण दिवस वाळू द्या आणि पुन्हा मोजा. आकडा गेला तरी एकदा दुकानात ५०० व्होल्टच्या मेगरवर तपासून घ्या; साधा मीटर काही व्होल्टवर मोजतो, त्याला न दिसणारी गळती मेगर पकडतो. आकडा राहिलाच तर वाइंडिंगचं इन्सुलेशन गेलं आहे. भांड्याचा वायसर कुठल्याही परिस्थितीत बदला.

आणि सॉकेटची अर्थ तपासून घ्या. अर्थ जिवंत असती तर मुंग्या आल्या नसत्या, करंट तिकडे गेला असता. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती ओळखणारा स्विच) बसवून घ्या; झटका जिवावर येण्याआधी तो पुरवठा तोडतो. या कॉलममधली ही एकच खर्चाची शिफारस आम्ही आग्रहाने करतो.

एक आणि दोन नंबर चालत नाहीत, फक्त तीनवर चालतो.
— एक वाचक, डोंबिवली

मोटर ठीक आहे. या मिक्सरमध्ये वेग कमी-जास्त होतो तो फील्ड कॉइलच्या (आर्मेचरभोवतीच्या, न फिरणाऱ्या कॉइलच्या) वेगवेगळ्या ठिकाणी काढलेल्या वायरींमुळे. स्विच त्यांतली एक निवडतो. बहुतेक वेळा स्विचच्या आतल्या पत्र्या जळलेल्या असतात. बूड उघडून आधी स्विचच्या वायरींचा मोबाइलवर फोटो काढा, मग मीटरने स्विचच्या मुख्य टोकापासून एक, दोन, तीनची टोकं तपासा. एक आणि दोनची वाट मिळत नसेल तर स्विच बदला. मिळत असेल तर फील्डची वायर टाक्यापाशी सुटली आहे, ती रिवाइंडिंगवाल्याचं काम. चालू मोटरवर नॉब एकदम तीनवरून उलटा झटकन आणण्याची आणि अर्धवट जागी ठेवण्याची सवय पत्र्या जाळते.

जाडं मीठ फिरवलं की पात्याला धार येते म्हणतात. खरं आहे?
— एक वाचक, पुणे

धार येत नाही. चिकटलेला मसाला खरवडला जातो आणि वास जातो, एवढाच उपयोग. वाटण बारीक होत नसेल तर धारेआधी पात्याची उंची आणि डुगडुग पाहा. पाती वर-खाली हलत असतील तर संच बदला.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथला ब्लेंडर ओल्या खोबऱ्याचं वाटण करू शकत नाही. आईकडचा ७५० वॅटचा मिक्सर आणला तर इथे चालेल का?
— एक वाचक

नुसत्या पिनच्या अडॅप्टरवर नाही. तिथे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. मिक्सर फिरेल, पण जोर फारच कमी मिळेल, वाटण अडकेल आणि मोटर तापेल. ६० हर्ट्झचा मात्र प्रश्न नाही. ही मोटर कार्बनवर चालणारी असल्याने फ्रिक्वेन्सीने तिला फरक पडत नाही. व्होल्टेज वाढवणारा लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तो मिक्सरच्या वॅटच्या दुप्पट क्षमतेचा घ्या, म्हणजे १५०० वॅट. सुरू होताना मोटर खूप करंट ओढते. प्रवासात वापरायचे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर या कामाचे नाहीत. तिथल्या भारतीय दुकानांत तिथल्याच व्होल्टेजवर चालणारे आपल्या पद्धतीचे मिक्सर मिळतात. ट्रान्सफॉर्मरचं वजन आणि किंमत पाहता आम्ही तेच घ्यायला सांगू.

ब्लेंडरला वाटण का झेपत नाही याचं कारण त्याच्या भांड्यात आहे. उंच, खाली निमुळतं भांडं पातळ पदार्थ गोल फिरवण्यासाठी असतं. घट्ट वाटण पात्याभोवती पोकळी करून कडेला चिकटून बसतं. युरोपातून आणलेले मिक्सर आपल्या मसाल्यांना टिकत नव्हते म्हणूनच १९६० च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथूर यांनी ‘सुमीत’ घडवला. रुंद बुडाचं स्टीलचं भांडं, आडवी पाती आणि जड भाराची मोटर ही आजची रचना त्याच वाटेने रुळली.

उलट प्रवासाबद्दलही सांगून ठेवतो: तिथला १२० व्होल्टचा ब्लेंडर पुण्यात येऊन सरळ सॉकेटला लावला तर काही क्षणांत जळतो.

दुरुस्तीवाला म्हणतो आर्मेचर आणि फील्ड दोन्ही गेलं, रिवाइंड करू. करावं का?
— एक वाचक, कोल्हापूर

आधी जळलेलं आर्मेचर डोळ्यांनी पाहा. वाइंडिंगचं वॉर्निश काळं पडून तडकलेलं दिसतं आणि जळका वास दुसऱ्या दिवशीही जात नाही. नव्या मिक्सरला पहिल्या काही वापरांत येणारा वार्निशचा वास वेगळा, तो जातो.

एकटं आर्मेचर गेलं असेल तर त्याच मॉडेलचं तयार आर्मेचर रिवाइंडपेक्षा बरं. ही मोटर मिनिटाला १८-२० हजार फेरे घेते. हाताने भरलेलं आर्मेचर तोलात नसेल तर थरथरतं आणि बुश खातं. दोन्ही गेलं असेल आणि एकूण खर्च नव्या मिक्सरच्या निम्म्यावर जात असेल तर नवा घ्या. दुरुस्ती करणार असाल तर तीन गोष्टी ठरवूनच मिक्सर हातात द्या: वायर तांब्याची, दोन्ही बुश नवे, आणि ओव्हरलोड मूळ आकड्याचा. परत आणल्यावर पहिलं वाटण करण्याआधी भांड्याची वर्तमानपत्रावरची चाचणी करा. गळकं भांडं नव्या मोटरवर ठेवू नका.